चपला घालून राहायचं घर

वणीत आम्ही ज्या खोलीत भाड्यानं राहत होतो, त्या खोलीनं माझ्या आईला मारलं. लोक म्हणतात, "करंट लागून गेली." आणि म्हणताना असा चेहरा करतात, की करंट हा रस्त्यानं जाता जाता घरात शिरलेला कुणी वाटसरू होता. तसं नाही. करंट त्या भिंतीत राहायलाच होता. आमच्या आधीपासून होता आणि मालकाला ते पुरतं ठाऊक होतं. आई परत येणार नाही एवढी अक्कल मला आहे. मला पाहिजे होतं ते एवढंच, की त्या खोलीत पुन्हा कुणाची चूल मांडली जाऊ नये. त्यासाठी मी काय काय केलं ते सांगते. त्यातलं बरंचसं सभ्य नाही.

माझा नवरा कोळशाच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. आम्ही मूळचे घाटंजीकडचे. तिकडं कापूस वेचून पोट भरत नव्हतं असं नाही, पण पोटाच्या वर काही उरत नव्हतं, म्हणून वणीला आलो. मी ट्रकवाल्यांचे डबे करायला लागले. काम लगेच मिळालं, खोली मात्र मिळेना. खोली बघायला गेलं की आधी गाव विचारायचे, मग आडनाव, आणि आडनाव ऐकलं की रिकामी खोली आमच्या डोळ्यांदेखत भरून जायची. "कालच देली वो बाई, पाव्हण्याले देली." एका ठिकाणी मी आत डोकावून विचारलं, "पाव्हणा दिसत नाही कुठी, माळ्यावर बसला काय?" नवऱ्यानं मला दंडाला धरून बाहेर आणलं. आमच्या घरात भांडायचं खातं माझ्याकडे आहे. तो फक्त हॉर्न वाजवतो.

मग हा मालक भेटला. पांढरा पायजमा, गळ्यात उपरणं, बोलणं साखरेचं. त्यानं आडनाव विचारलंच नाही. आम्ही आपणहून सांगितलं, कारण नंतर कळून हाकललं जाण्यापेक्षा आधी हाकललेलं बरं. तो हसला. "माह्या घरी जात नाही चालत, बाई. मी मानूस पाह्यतो." ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहिताना आज मला माझाच राग येतो. त्या एका वाक्याच्या भरवशावर आम्ही तिथं किती काय सहन केलं.

खोली त्याच्या अंगणाच्या मागच्या बाजूला होती. विटांच्या तीन खोल्यांची रांग, वर टिनं, त्यातली शेवटची आमची. मालकाच्या ओसरीवर मीटर आणि मेन स्विच, तिथून एक वायर भिंतीवरून यायची आणि टिनाच्या काठाखालून आमच्या खोलीत शिरायची. दुपारी खाणीत बार उडाले की सगळी टिनं थरथरायची आणि त्या वायरीवर घासायची. वर्षानुवर्षं घासली की दोरखंडही तुटतो, वायरीचं ते रबर किती दिवस टिकणार? पण हे शहाणपण मला आत्ता आहे. तेव्हा मी फक्त ओली चादर खिळ्याला अडकवायला गेले आणि कोपरापर्यंत झटका बसून खाली बसले.

मालकाला बोलावलं. तो आला, उलट्या हातानं भिंतीला शिवला आणि गुदगुल्या झाल्यासारखा हसला. "थोडंसं झिणझिण करते, बाई. विटेची भिंत हाय, ओल धरते. घरात चपला घालत जा ना. सगळे भाडेकरू घालतेत."

खरंच सगळे घालत होते. शेजारच्या दोन्ही खोल्यांमधली माणसं घरात हवाई चपला घालून फिरायची, चपला घालून जेवायला वाढायची, आणि बाहेर रस्त्यावर जाताना त्याच घालून जायची. मला वाटलं होतं गबाळी माणसं आहेत.

मी भांडले. वायर बदला म्हटलं. फ्यूजच्या जागी त्यानं बोटाएवढी तार पिळून ठेवली होती, ती काढा म्हटलं. तो दर वेळी "पाहू, पाहू" म्हणायचा, आणि फार लावून धरलं की साखर विरघळायची. "जमत नसन तं खोली खाली करा. घेनारे लय हायेत." मग आम्ही पुन्हा दारं ठोठावायचो, पुन्हा रिकाम्या खोल्या भरून जायच्या, आणि दगडापेक्षा वीट मऊ म्हणत परत यायचो. वर त्यानं मेन स्विचच्या बोर्डाला लोखंडी जाळी ठोकून कुलूप घातलं. भाडेकरू चोरून शेगडी लावतात असा त्याचा संशय होता. किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधलेली असायची. आंघोळ करतानासुद्धा तो ती सोडत नसे.

हळूहळू आम्हीही शिकलो. जमिनीवर पाय टेकायचा तर चपलेत. अनवाणी फक्त खाटेवर. माझी मुलगी बालवाडीत जायची. तिला शिकवताना मी घसा सुकवला. बालवाडीच्या बाईंनी मला बोलावून विचारलं, "ही वर्गाच्या दारात चपला काढायला रडते काहून?" घरोघरी आया लेकरांना ओरडतात, चपला बाहेर काढ. मी ओरडायचे, चपला घाल. एकदा ती विसरली तेव्हा मी तिच्या पायावर लाटण्यानं मारलं, कारण मारलेलं लक्षात राहतं. मला वाटलं, मी माझ्या घराला धोक्यासकट वठणीवर आणलंय.

त्या वर्षी वैशाखात आई आली. बाप नव्हता, गावात उन्हाळ्याचं काम नव्हतं, आणि नात बघायची होती. पिशवीत कुरडया, एक पांढरं लुगडं आणि मिरच्यांचा ठेचा. दारात चपला काढून आत पाऊल टाकणार तेवढ्यात मी ओरडले. ती दचकून मागे झाली.

"काहून वो? विंचू हाय काय?"

"चपला घाल, माय. भिंतीले करंट हाय. फरशीवरही कधी कधी येते."

"घरात चपला घालून हिंडता तुमी? अन् सैपाकही तसाच?"

"तसाच."

"भिंतीले करंट हाय तं भिंतीले हात कायले लावता?"

मी तिला निळ्या पट्ट्याच्या नव्या चपला आणून दिल्या. ती त्या घालायची, पण जन्मभर अनवाणी राबलेल्या पायांना त्या नीट जमेनात. फटक फटक आवाज करत घरभर फिरायची आणि स्वतःवरच हसायची. जेवताना मात्र खाटेवर पाय वर घेऊन बसायची. चपला घालून घास घेणार नाही, म्हणाली. ते मला चालत होतं. खाट लाकडी होती.

एका गोष्टीवर मात्र आमचं रोज वाजायचं. मागच्या भिंतीला एक लोखंडी फळी होती, मालकानंच कधीतरी ठोकून वर टिनाला तारेनं आवळलेली. तिच्यावर आमची बुद्धमूर्ती. मी रोज सकाळी चपलेतच उभी राहून मेणबत्ती लावायचे, हात जोडायचे, वंदना म्हणायचे. मला सवय झाली होती. आईला ते बघवत नसे. तिच्या आईबापांनी धम्म घेतला तेव्हा काय सोसलं होतं ते ती ऐकत मोठी झालेली. ती म्हणायची, "आमच्या गावात आमाले पायात वाहना घालू देत नोहते. मंग आपन घालाले लागलो, ते आपली शान. पन मूर्तीपुढं नाही बाई. थे आपल्या मनानं काढाची असते."

मी म्हटलं, "माय, बुद्ध समजून घेईल. भिंत नाही घेणार."

ती रुसून खाटेवर जाऊन बसली. खाटेवरूनच हात जोडू लागली. मला वाटलं, मिटलं.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वादळ सुटलं. आमच्या खोलीवरचं एक टिन उचलून धाडधाड आपटायला लागलं. वादळ थांबल्यावर मालकानं कुणाला तरी वर चढवलं आणि टिनावर मोठे दगड ठेवून घेतले. उडू नये म्हणून. दगड नेमके वायर जिथून आत यायची त्या काठावर ठेवले. टिन खाली दबलं, आणि आत्तापर्यंत नुसती घासणारी धार वायरीत रुतली. हे मला दुसऱ्या दिवशी आई गेल्यावर दिसलं. त्या संध्याकाळी मी उलट त्याला धन्यवाद दिले होते.

पौर्णिमेच्या सकाळी आईनं खोली पाण्यानं धुतली. पांढरं लुगडं नेसली. गॅसवर खीर ठेवली. नवरा पहाटेच गाडी घेऊन गेला होता, मुलगी खाटेवर बसून खिरीची वाट बघत होती, कूलर घरघरत होता. मी अंगणात मागे मोगरीनं चादरी धोपटत होते. आईनं मला हाक मारून सांगितलं, "मी मेणबत्ती लावतो वो." मी "हो" म्हटलं. त्या "हो" मध्ये ती चपला काढेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. इतके दिवस तिनं ऐकलं होतं. पण रोजची वंदना वेगळी आणि पौर्णिमेची वेगळी. तिनं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, ओल्या फरशीवर उभी राहिली, आणि मेणबत्ती टेकवायला लोखंडी फळी धरली.

मुलगी ओरडली, "आई, आजी थरथरून राह्यली!"

मी दारात आले. आईचा उजवा हात फळीला चिकटला होता आणि ती उभ्याउभ्या हादरत होती. डोळे उघडे. तोंडातून आवाज नाही, दातावर दात घट्ट. मला वाटलं कूलर. मी झेप घेऊन कूलरची पिन उपटली. काही फरक पडला नाही. मुलगी खाटेवरून अनवाणी पाय खाली सोडत होती, आजीकडे जायला. मी तिला हातानं नाही, अख्ख्या अंगानं मागे फेकलं. ती खाटेच्या कडेवर आपटली, तिचा ओठ फाटला, रक्त आलं. बघायला थांबले नाही. मालकाच्या ओसरीवर धावले.

बोर्डाच्या जाळीला कुलूप. मी ते दोन्ही हातांनी ओढलं, लाथ मारली. मालकीणबाई आतून आली.

"किल्ली!" मी ओरडले. "किल्ली द्या, माय चिकटली!"

"किल्ली त्याईच्याजवळ हाय. आंघोळ करून राह्यले."

मी न्हाणीच्या दारावर धडका मारल्या. आतून पाण्याचा आवाज आणि त्याचा आवाज. "आलो, आलो. अंगावर पानी तं घेऊ दे, बाई."

मी परत पळाले. आई अजून तशीच. आता तिच्या हाताचा वास येत होता. मी तो वास सांगणार नाही. अंगणातली मोगरी उचलली. जाड बाभळीची, कपडे धोपटायची. लाकडातून करंट येत नाही एवढं मला माहीत होतं, आणि ओली झालेली मोगरी किती कोरडी असते ह्याचा विचार करायला वेळ नव्हता. मी आईच्या हातावर मारलं. सुटला नाही. पुन्हा मारलं, मनगटावर, जोर लावून. हाड मोडल्याचं मला हातात कळलं. ह्याच हातानं तिनं मला वाढवलं, आणि तो मी मोडत होते, आणि तो सुटत नव्हता. तिसऱ्या वेळी मी दोन्ही हातांनी मोगरी डोक्याच्या वर नेऊन मारली, तेव्हा बोटं उघडली. आई सरळ मागे पडली. डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज झाला. मी तिची छाती दाबली, गाल चापटले, "माय, माय" म्हणत राहिले. ती गेली होती. गॅसवर खीर करपत होती आणि मुलगी रक्ताच्या तोंडानं रडत होती.

मग मालक आला. केसांतून पाणी गळतंय, कमरेला पंचा, हातात किल्ली. दारात उभा राहून म्हणाला, "काय झालं वो बाई?"

मी मोगरी उचलून त्याच्या खांद्यावर हाणली. तो वाकला तेव्हा डोक्यावर. तो अंगणात पळाला, मी मागे पळाले, तिथं पुन्हा मारलं. त्याच्या कपाळातून रक्त यायला लागलं ते बघून मला बरं वाटलं. हे मी कोर्टात बोलणार नाही, पण इथं लिहिते. अजून एक बसला असता तर तो उठला नसता, आणि तो बसू नये म्हणून शेजारच्या चार माणसांनी मला धरलं. त्यांतल्याच कुणीतरी मोबाइल काढला होता. तो व्हिडिओ अख्ख्या वणीत फिरला. त्यात एक बाई एका म्हाताऱ्या, ओल्या, उघड्या माणसाला मारते आहे. त्यात आई नाही. ती आत, फरशीवर होती.

दवाखान्यात आईच्या हातावरचे वळ आणि मोडलेलं मनगट नोंदलं गेलं. आणि मालकाला, डोक्याला पट्टी बांधून बसल्या बसल्या, वाट सापडली. "मायलेकीचं सकाळपासून भांडन चालू होतं. तिनंच मायले मोगरीनं मारलं. मंग माह्यावर आली. व्हिडिओ हाय ना." चोराच्या उलट्या बोंबा, पण बोंब मोठी असली की लोक वळून बघतात. ठाण्यात मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला.

"मोगरीनं काहून मारलं?"

"सोडवाले."

"सोडवाले कोनी मारते काय?"

मी म्हटलं, "तुमची माय चिकटली की सांगा, मी येऊन दाखवते." ते बोलायला नको होतं. त्या बोलण्यामुळे मी संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले, आणि आईला गावाकडे न्यायला उशीर झाला.

पंचनाम्याला माणसं खोलीत गेली, तेव्हा टिनाखाली नवी कोरी वायर होती. चकचकीत. फ्यूजमध्ये बारीक तार. टिनावरचे दगड गायब. मी दगड बघितले होते, टिनात रुतलेली जुनी वायर बघितली होती, शेजाऱ्यांनी बघितली होती. शेजाऱ्यांनी सांगितलं, आम्ही काही पाह्यलं नाही. मी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. त्यांना तिथंच राहायचं होतं, चपला घालून.

गावाला आईचं सगळं उरकून परत आलो, तर आमचं सामान रस्त्यावर. गॅस, डबे, खाट, मुलीचं दप्तर, आईच्या कुरडयांचा चुरा. मालकाचे दोन पुतणे दारात उभे होते. नवऱ्यानं सामान गोळा करायला घेतलं. मग तो म्हणाला, "मूर्ती आत हाय. तेवढी घेऊन येतो." ते हो म्हणाले. तो दोन्ही हातांत मूर्ती धरून बाहेर आला, आणि उंबऱ्यात त्यांनी त्याला मारायला सुरुवात केली. "मालकावर हात टाकते तुही बायको?" एकानं तोंडावर बुक्की मारली, दुसऱ्यानं कमरेत लाथ. त्याच्या हातात मूर्ती होती. ती खाली टाकल्याशिवाय त्याला हात उचलता येत नव्हता, आणि ती तो टाकत नव्हता. गुडघ्यावर बसला, मूर्ती पोटाशी धरून, आणि मार खात राहिला. मी एकाच्या दंडाला कडकडून चावले तेव्हा त्यांनी मला केसाला धरून नालीत ढकललं. हॉर्नपलीकडे कधी आवाज न चढवणारा माणूस माझा. त्याच्या तोंडातून दात पडले, ते मुलीनं वेचून आपल्या फ्रॉकच्या खिशात ठेवले.

पुढं आम्हाला गावाबाहेरच्या एका नव्या लेआउटमध्ये अर्धवट बांधलेलं घर राखायला मिळालं. दार नाही, खिडकीला पोतं, वीज नाही. ज्याचं घर त्यानं सांगून ठेवलंय, स्लॅबचं काम सुरू झालं की निघा. वीज नाही म्हणून मी तिथं शांत झोपायचे. उकाड्यानं मुलीच्या अंगावर घामोळ्या उठल्या, तरी मी म्हणायचे, बरं आहे. केस चालू होती, दोन्ही बाजूंनी. तारखा पडत होत्या. माझ्यावरची केस माझ्या केसपेक्षा भरभर चालत होती.

खोली रिकामी आहे, एवढाच मला धीर होता. डबे द्यायला जाताना मी मुद्दाम त्या गल्लीवरून जायचे. दाराला कुलूप दिसलं की पुढं निघायचे. वकील म्हणायचे, निकाल लागेपर्यंत तो काय भाड्यानं देतो? मलाही तसंच वाटत होतं. माणूस मेलेल्या खोलीत कोण राहायला येईल?

पाऊस लागून चांगला मुरला होता. एके दिवशी एक ड्रायव्हर डबा घेताना सहज म्हणाला, "तुमची खोली देली वाटते त्यानं. रंग मारलेला दिसला." मी हातातला डबा तिथंच ठेवला आणि गेले. खरंच रंग मारला होता, हिरवा. दारात बाळाचे लंगोट वाळत होते. दोरी एका बाजूनं खिळ्याला, दुसऱ्या बाजूनं टिनाला बांधलेली. आणि भिंत पावसानं खालपासून अर्ध्यापर्यंत काळी, ओली. नवी वायर एवढ्या लवकर उघडी पडणार नाही, असं कुणी म्हणेल. मी वर बघितलं. चकचकीत वायर नव्हती. पंचनामा झाला, काम झालं. ती काढून दुसरीकडे वापरली असणार. टिनाखाली जुनीच, पट्ट्या गुंडाळलेली वायर होती, आणि टिनावर दगड पुन्हा आले होते.

मी घरी परतले, नवऱ्याचे पावसाळी गमबूट पायात घातले आणि घर बांधणाऱ्यांची सब्बल, ती लोखंडी पहार, उचलली. नवरा म्हणाला, "काय करून राह्यली?" मी म्हटलं, "भिंत पाडतो." तो माझ्या वाटेत उभा राहिला, मी त्याला बाजूला केलं. वायर तोडली तर तो जोडणार. कुलूप लावलं तर तो काढणार. भिंतच नसेल तर खोली कशी देणार? एवढा साधा हिशेब होता आणि तो मला आधी का सुचला नाही असं वाटत होतं.

भरदिवसा, सगळ्यांच्या समोर, मी मागच्या बाजूनं भिंतीत सब्बल घातली. मातीत लावलेल्या विटा, पावसानं भिजलेल्या. दुसऱ्या घावालाच एक वीट निघाली, मग तिच्या शेजारची. माणसाचं डोकं जाईल एवढं भोक पडलं. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मालक ओसरीवर आला, खुर्चीवर बसला आणि पुतण्यांना फोन लावला. उठून जवळ आला नाही. त्याला माझी मोगरी आठवत असणार.

आतून एक पोरगी धावत आली. पोरगीच; कडेवर बाळ, अंगावर घरातला गाऊन, बोलण्यावरून उमरखेडकडची. "काय करून राह्यल्या बाई? घर हाय आमचं!"

"हे भिंत माणूस मारते," मी म्हटलं. "माही माय इथं गेली. बाजूला हो. लेकरू घे आन् निघ इथून."

"मले माहीत हाय!" ती किंचाळली. "तुमची माय गेली, सगळं माहीत हाय! त्याईनंच सांगतलं!"

मी थांबले. मला वाटलं होतं, तिला कुणी सांगितलं नसेल. मी सांगेन आणि ती घाबरून पळेल. तिला माहीत होतं, तरी ती आली होती. मी तरी पुन्हा सब्बल उचलली, कारण दुसरं काही करायचं मला माहीत नव्हतं, आणि आणखी एक वीट बाहेर पाडली.

तिनं बाळाला ओट्यावर टेकवलं, माझ्या पायाशी पडलेली ती वीट उचलली आणि माझ्या खांद्यावर मारली. मग पुन्हा, कानावर. माझा कान फुटला, मानेवरून रक्त ओघळलं. ती रडत होती आणि मारत होती.

"कुठी जाऊ मी? सांग! कोनी खोली देत नाही आमाले. नाव सांगतलं का दार लावतेत. पानी पडून राह्यलं, लेकरू तापानं फनफनून राह्यलं. कुठी जाऊ थे सांग, मंग पाड!"

मी तोंड उघडलं. वणीतल्या सगळ्या गल्ल्या मी पायी तुडवल्या होत्या, एकेक दार ठोठावलं होतं. तिला सांगायला मला एकही दार आठवेना. मालक खुर्चीवरून ओरडून शेजाऱ्यांना सांगत होता, "पाहा, बायाबायाच भांडून राह्यल्या. माहा काय संबंध?" मी सब्बल जमिनीवर ठेवली. तिनं पुन्हा वीट उगारली. भांडायचं खातं माझ्याकडे असलेली मी, तिचा हात धरला नाही. ती मारत राहिली, आणि मी मारू दिलं.